गंगथडीचं कपाट : लोकसंस्कृतीची पुस्तकं निवडताना

गावच्या वाचनालयात लोकसंस्कृतीचा एक कप्पा असतोच, आणि बहुधा तो कुणी ठरवून भरलेला नसतो. कुणाच्या घरचे आजोबा गेले, त्यांची पुस्तकं आली. विक्रेत्यानं सवलतीच्या गठ्ठ्यात चार घातली. शासकीय योजनेतून काही आली. त्यामुळे काशिनाथ अनंत जोशी यांचा ‘संपूर्ण चातुर्मास’, सणवारांवरची एकमेकांवरून उतरवलेली दोन-तीन पुस्तकं, एखादं देवीमाहात्म्य, पदवी परीक्षेचं गाइड आणि त्यांच्या मधोमध, चुकून आल्यासारखा, रा. चिं. ढेरे यांचा एखादा ग्रंथ असा तो संसार असतो. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या वाचनालयांनी हा कप्पा जरा विचार करून भरावा, एवढ्यासाठी पुढची यादी केली आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना अनुदानाची वाट दिली, पण ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाला वर्तमानपत्रं, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन जाऊन पुस्तकांसाठी काय उरतं हे तिथल्या कार्यकारिणीला विचारावं. अशा ठिकाणी शंभर नावांची यादी पाठवणं ही थट्टाच. म्हणून ही यादी लहान आहे. तिला क्रम आहे, आणि तो माझ्या आवडीनिवडीचा आहे हे आधीच सांगून ठेवतो.

दोन पुस्तकांतलं एक घ्यायचं झालं तर मी आधी एकच गोष्ट पाहतो. ही गोष्ट, हे गाणं, हा विधी कुणाच्या तोंडून आला, कुठं, आणि कुणासमोर? ‘महाराष्ट्रातील एक लोककथा’ एवढ्यावर जे पुस्तक भागवतं त्याचं मुखपृष्ठ कितीही देखणं असो, ते मागे राहतं. ही अपेक्षा आजची नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिनं 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ प्रसिद्ध केलं. त्यातल्या गोष्टी तिला आया ॲना लिबेराता डिसूझा हिनं दख्खनच्या दौऱ्यात सांगितल्या होत्या. पुस्तकात त्या बाईचं नाव आहे आणि तिच्या आयुष्याची तिनं सांगितलेली हकिगतही आहे. सत्ताधाऱ्याच्या मुलीनं तिच्या आयेकडून गोष्टी ऐकून पुस्तक करावं, यातलं वरचं-खालचं नातं लपत नाही. तरी सांगणारीचं नाव छापलं गेलं. त्यानंतर दीडशे वर्षांनी निघालेल्या कित्येक मराठी संग्रहांत ते सापडत नाही, आणि अशा संग्रहांवर पैसे घालवायला माझं मन होत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही कसोटी लावून पाहायची तर गंगाखेडपासून सुरुवात करावी. जनाबाई तिथली. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी, आणि गंगाखेडच्या नावातच ती आहे. जनाबाईवर पुस्तक हवं म्हटलं की विक्रेता तीन तऱ्हेची पुढे करतो. एक, अभंगांची. तिचे अभंग बहुतेक वेळा नामदेवांच्या गाथेला जोडून छापले जातात, आणि त्यातले सगळे एकाच जनीचे आहेत का, याबद्दल अभ्यासकांना जुनी शंका आहे. दुसरी तऱ्हा चरित्राची. ही चरित्रं फिरून फिरून महिपतींच्या ‘भक्तविजया’कडे जातात, जो 1762 चा आहे, म्हणजे जनाबाईनंतर चारशे वर्षांचा. तिसरी तऱ्हा दुकानात सहसा नसते, ती मागवावी लागते: जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह. विठ्ठल जनीला दळू लागतो, तिच्या गोवऱ्या वेचतो, तिचं डोकं विंचरतो, हे सगळं अभंगांत आहेच. पण शेकडो वर्षं पहाटे जातं ओढणाऱ्या बायांनी ते आपल्या अंगाला लावून घेतलं, कारण दळण्याचं काम त्यांचंही होतं आणि मदतीला कुणी येत नव्हतं. गंगाखेडच्या वाचनालयाला तिन्हींपैकी एकच घेता येत असेल तर मी ओव्यांचा संग्रह घ्या म्हणेन. गाथा तशीही गावातल्या एखाद्या वारकऱ्याच्या घरी असतेच.

ओव्यांच्या संग्रहांतही निवड करावी लागते. साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’ दोन भागांत आहे. ते प्रेमानं केलेलं पुस्तक आहे: माहेर, सासर, भाऊ, लेकरू, देव अशी मांडणी, आणि ओवीच्या आगेमागे गुरुजींचं हळवं निरूपण. वाचायला घ्यावं ते हेच. पण त्यात ओवी मराठी स्त्रीची होते, गंगूबाईची किंवा कौसाबाईची राहत नाही. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीनं जे खंडामागून खंड काढले (‘जा माझ्या माहेरा’, ‘कुलदैवत’, ‘एक होता राजा’ ही त्यांतली काही नावं), त्यांत पसारा अफाट आहे. अनेकांनी मिळून गोळा केलेली सामग्री एका छपराखाली आली, आणि सरकारी प्रकाशन असल्यानं किंमत नावाला. संपादन सगळीकडे सारखं काटेकोर नाही, काही ठिकाणी पुनरुक्ती आहे, तरी वाचनालयाला एवढ्या पैशांत एवढा ऐवज दुसरीकडे मिळत नाही. जुन्या बाजारात दिसले तर सोडू नयेत.

पण या विषयातलं जे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते आधी पुस्तक म्हणून झालेलंच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी पुण्याच्या मावळपट्ट्यातून सुरू केलेल्या संकलनात लाखावर ओव्या जमा झाल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव आणि तिची माहिती जपली गेली. पुढे हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात आला, आणि आता तो मोबाइलवर ऐकता येतो. त्यात पाथरीपासून हाकेच्या अंतरावर असलेलं बीड जिल्ह्यातलं माजलगाव आहे, तिथलं भीमनगर आहे, आणि तिथल्या बायांनी जात्यावर गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ओवी म्हणजे राम-सीता, पंढरी आणि माहेरचा भाऊ एवढंच, असं आपल्या क्रमिक पुस्तकांनी ठसवलेलं आहे. जुन्या चालीत नवा देव, नवा नेता, नवा राग शिरतो, हे एकदा ऐकलं की छापील संग्रहांत काय गाळलं गेलं असेल याचा अंदाज यायला लागतो. म्हणून यादीत पुस्तकांच्या आधी या संग्रहाचा उल्लेख केला आहे. वाचनालयात जुना स्पीकर पडून असेल तर तो लावून म्हाताऱ्या बायांना ऐकायला बोलवावं. त्या दुरुस्त्या सांगतील, आणि त्या लिहून घेण्यासारख्या असतील.

आता गावगाड्याकडे येतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, त्यांचे हक्क, त्यांच्या लबाड्या, बाजार, यात्रा हे सगळं मुलकी खात्यात राहून गाव पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं. भाषा अशी कसदार की आजही एकेक वाक्य मोठ्यानं वाचावंसं वाटतं. पण आत्र्यांनी फिरस्त्यांबद्दल जे लिहिलं आहे ते कचेरीच्या खुर्चीवरून दिसणारं दृश्य आहे: फिरस्ता म्हणजे कुणब्याला नाडणारा उपद्रव. हे पुस्तक एकटं कपाटात ठेवलं तर वाचकाची फसगत होते. त्याच्या शेजारी प्रभाकर मांडे यांचं ‘गावगाड्याबाहेर’ हवंच. मांडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात शिकवत, आणि आत्र्यांना जे लोक त्रासदायक वाटले त्यांच्याच पालांवर जाऊन बसत. त्यांचं ‘मांग आणि त्यांचे मागते’ हे पुस्तक तर मराठवाड्याच्या प्रत्येक वाचनालयात असावं. एका जातीची दुसरी एक ठरलेली मागती जात असते. ती फक्त त्यांच्याकडेच मागते, त्यांच्याच कुळ्या आणि जातिपुराण सांगते. डक्कलवार मातंगांच्या दारी किंगरी वाजवत येत आणि त्यांच्या उत्पत्तीची कथा सांगत. ज्या समाजाला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याचाही स्वतःचा पुराणिक होता, आणि त्याच्या पुराणात जगाची मांडणी वेगळी होती. हे वाचल्यावर ‘लोकसंस्कृती म्हणजे गावाचं एकोप्याचं जगणं’ असं म्हणणारी पुस्तकं जरा फिकी पडतात. मांडे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. त्यांची पुस्तकं लहान प्रकाशनांनी काढली, फेरछपाई अनियमित, त्यामुळे दिसलं की घ्यावं.

या गटात ढेऱ्यांचं ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ही येतं: वासुदेव, पोतराज, गोंधळी, भुत्या, आराधी, वाघ्या-मुरळी यांच्यावरचं, 1964 चं. ढेरे देवतेच्या इतिहासाकडून उपासकाकडे येतात, मांडे माणसाच्या पोटापाण्याकडून देवतेकडे जातात. मी पोतराजाचं प्रकरण दोघांत ताडून पाहिलं आहे. ढेरे वाचून त्याच्या कोरड्याचा अर्थ कळतो, मांडे वाचून त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का हे कळतं. दोन्ही घ्यावीत.

गोंधळावर मात्र माझी एक तक्रार आहे. परभणीचे राजारामभाऊ कदम गोंधळी हे नाव या कलेत सगळीकडे आदरानं घेतलं जातं. लग्न झालं की कुळाचा गोंधळ घालायचा, चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ कडाडलं की गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान रंगवायचं. त्यात कथा अर्धी असते. उरलेली अर्धी संबळाच्या ठोक्यात, तुणतुण्यात, मध्येच कुणाची फिरकी घेण्यात आणि समोर बसलेल्या यजमानाच्या आडनावात असते. पुस्तकात आख्यान छापलं जातं, ही उरलेली अर्धी बाजू सुटते. तरीही काही लेखक गोंधळ कुठं ऐकला, कुणाच्या घरी, गोंधळ्यानं कुठं थांबून काय केलं, एवढं तरी नोंदवतात. निवड करताना ती पानं उघडून पाहावीत. नुसत्या पदांचा संग्रह घ्यायचा तर त्यापेक्षा संबळ वाजवणाऱ्या माणसाला बिदागी देऊन वाचनालयात एक रात्र बोलवलेलं स्वस्त पडतं आणि पुष्कळ अधिक देतं.

सणवारांची पुस्तकं यादीत जवळजवळ नाहीत, आणि याचा खुलासा करायला हवा. बाजारातली बहुसंख्य पुस्तकं पुणे आणि कोकणच्या घरांकडे पाहून लिहिलेली आहेत. भाद्रपदात त्यांच्याकडे गौरी येतात. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, मुखवट्यांच्या, उभ्या, साड्या नेसवलेल्या, आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण हाच सोहळा असतो. त्या पुस्तकांत याला तळटीप मिळते. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, जिला अख्खं घर शेतात जाऊन भज्जी, आंबील, उंडे खातं आणि गाव दिवसभर ओस पडतं, तिचं तर कित्येक पुस्तकांत नावही नाही. वारीचंही तेच. इरावती कर्वे यांनी पालखीबरोबर चालून लिहिलेला लेख आणि दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ ही दोन्ही उत्तम, ‘पालखी’ तर माझ्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. पण दोन्हींतली वाट आळंदीकडून निघते. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरकडे जाते, गंगथडीच्या किती तरी दिंड्या वेगळ्या वाटांनी जातात, त्या वाटांचं मोकाशींच्या तोडीचं पुस्तक मला आढळलेलं नाही. खंडोबाच्या बाबतीत आपण जरा नशीबवान. ढेऱ्यांचं ‘खंडोबा’ 1961 चं, आणि पालमकडून थोडं पुढं गेलं की नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, जिथली मार्गशीर्षातली यात्रा घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजारासाठी सगळ्या मराठवाड्याला ठाऊक. पुस्तक वाचून यात्रेला जावं किंवा यात्रा करून पुस्तक वाचावं. मला दुसरा क्रम बरा वाटतो.

जिल्ह्याच्या नावावर जाऊन पुस्तक घेणाऱ्यांना एक व्यवहारी सूचना. परभणी जिल्ह्याचं शासकीय गॅझेटिअर 1967 चं आहे. त्यात चालीरीती, यात्रा, जातीजमाती, बोली यांची प्रकरणं आहेत, आणि कोरडी असली तरी उपयोगी आहेत. पण तो जिल्हा आजचा नव्हे. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर गेलं, 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी झाली. त्यामुळे गॅझेटिअरमध्ये औंढा नागनाथ आणि नामदेवांचं नरसी हे परभणीचे आहेत, आणि 1999 नंतरच्या ‘परभणी जिल्हा दर्शन’ छापाच्या पुस्तकांत नाहीत. या नव्या पुस्तकांपैकी काहींनी जुना मजकूर उचलताना गावं गाळली, काहींनी तेही केलं नाही. नामदेव-जनाबाईंचं नातं समजून घ्यायचं तर जुना नकाशाच सोयीचा. त्याहून मागं जायचं असेल तर सैयद सिराज-उल-हसन यांचं निजाम संस्थानातल्या जातीजमातींवरचं 1920 चं इंग्रजी पुस्तक आहे. आपण तेव्हा हैदराबादेत होतो हे विसरून मुंबई इलाख्यावरची एन्थोवेनची पुस्तकं मागवणारे लोक मी पाहिले आहेत. एन्थोवेन चांगला, पण तो गोदावरीच्या अलीकडे आलेला नाही. हसन यांचं पुस्तक जनगणनेच्या काळातल्या साहेबी नजरेचं आहे, जातींना कपाळपट्टीवरून ओळखणारं, हे ध्यानात ठेवून वाचावं. जिल्हा ग्रंथालयाच्या खाली हे पुस्तक लागत नाही. गावच्या वाचनालयानं ते घेऊ नये.

पाथरीचा विषय टाळता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली आणि पाथरीचं नाव देशभर वर्तमानपत्रांत आलं. तेव्हापासून या विषयावरची लहान-मोठी पुस्तकं वाढली आहेत, आणि वाचक विचारतो, यातलं खरं कोणतं? गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ओवीबद्ध ‘साई सच्चरिता’त जन्मगाव सांगितलेलं नाही. पाथरीच्या बाजूनं वि. बा. खेर यांनी 1970 च्या दशकात शोध घेतला. सेलूचा धागा आणखी वेगळा: दासगणूंनी सेलूच्या गोपाळराव देशमुखांना साईबाबांच्या गुरुपदी ठेवलं. लोकपरंपरेचा वाचक म्हणून मला जन्मगावाच्या निकालात रस नाही. एका फकिराच्या आयुष्यातली कोरी जागा पाथरी, सेलू आणि शिर्डी ही तीन गावं कशी भरतात, कोणती कथा कधी पहिल्यांदा लिहिली गेली, ती कोण सांगतं, हे दाखवणारं पुस्तक घ्यावं. ज्या पुस्तकात दुसऱ्या गावाला शिव्या आहेत ते परत पाठवावं. यादीत म्हणून ‘साई सच्चरित’ आहे आणि खेर यांचं लेखन आहे. नंतरच्या वादाची पुस्तकं नाहीत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, आणि जिल्ह्यातलं निम्मं बाजारहाट तिथं जातं. मोहरमच्या सवाऱ्यांना खांदा देणारी हिंदू घरं आजही मराठवाड्याच्या खेड्यांत आहेत. मराठीत यावर सलग, चांगलं पुस्तक शोधायला गेलं की हात रिकामा राहतो. तूर्त ढेऱ्यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ घ्यावं. ते ग्रंथकर्त्यांबद्दल आहे, उरुसांबद्दल नाही, पण शेख महंमद किंवा मृत्युंजय हे मराठी परंपरेत कसे मुरलेले आहेत हे कळलं की दर्ग्यातल्या नवसाकडे पाहण्याची तऱ्हा बदलते.

ढेऱ्यांचे मोठे ग्रंथ शेवटी ठेवले आहेत याचं काहींना नवल वाटेल. ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ (साहित्य अकादमी पुरस्कार, 1987) आणि ‘लज्जागौरी’ हे मराठीतले शिखरग्रंथ आहेत यात वाद नाही. पंढरीचा विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, हा विचार साधा वाटतो, पण तो मांडायला किती शिलालेख, स्थलपुराणं आणि ओव्या लागल्या हे तिथं पाहावं. पण हे ग्रंथ सुरुवातीला दिले की वाचक दबतो आणि तो कप्पाच पुन्हा उघडत नाही. आधी ‘गावगाडा’, मांडे, ओव्या. मग दुर्गा भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’, जी 1956 ची असूनही जगभरच्या विचारांची ओळख सोप्या मराठीत करून देते. मग तारा भवाळकर यांचं ‘लोकसंचित’, बाईच्या बाजूनं कथा उलटी करून पाहायला शिकवणारं. त्यानंतर ढेरे. ॲन फेल्डहाउस यांनी ‘विठ्ठला’चं इंग्रजी भाषांतर केलं आणि महाराष्ट्रातल्या नद्या व देवींवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. गोदावरीकाठच्या महाविद्यालयांनी ते मागवावं. गंगा आपली आणि तिच्यावरचं नेमकं पुस्तक इंग्रजीत, हे आहे ते असं आहे.

भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड कपाटात शोभतात, पण त्या पैशात यादीतली निम्मी पुस्तकं येतील, म्हणून ते ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात आहेत. बी. रघुनाथ यांच्या कथा-कादंबऱ्या, ‘उपरा’, ‘उचल्या’ ही आत्मकथनं दुसऱ्या कपाटातली समजून वगळली आहेत, जरी ‘उचल्या’त लोकरीतींची जेवढी माहिती आहे तेवढी काही प्रबंधांत मिळत नाही.

जी पुस्तकं बाजारात नाहीत त्यांच्यापुढे फुली आहे. त्यांतली काही शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, गॅझेटिअरही शासनाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. ओव्यांची आणि यात्रांची पानं तेवढी निवडून छापून घ्यावीत, बांधून घ्यावीत आणि त्यांना दाखल क्रमांक द्यावा. तपासणीला आलेले अधिकारी त्याला पुस्तक मानतील की नाही, हे आधी विचारून घ्यावं.